कासारणीचा दोरा

तिसऱ्यांदा दोरा तुटला तेव्हा उत्तमरावांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

"भाऊजी, हे तट्टू आहे की सासरी निघालेली नवरी? दर फर्लांगाला मागे वळतं!"

पोपट नावाचं ते करडं तट्टू आमचा तंबू, पिठाची गोणी आणि माझी ट्रंक पाठीवर घेऊन खुशाल घाट उतरायला लागलं होतं. पुतळाबाई घाई न करता त्याच्यामागे गेली, त्याच्या कानाशी काही बोलली आणि त्याला परत घेऊन आली. पुढच्या घोडीचं नाव मोगरी. मोगरीच्या खोगिराला मागे एक लोखंडी कडी होती. पुतळाबाईनं कमरेच्या पिशवीतून लाल सुती दोरा काढला, कडीत त्याचा फास केला आणि पोपटच्या म्होरकीचा दोर त्या फासाला बांधला. बांधून झाल्यावर दोऱ्याला एक बोट लावलं, थोडं ओढून पाहिलं, आणि म्हणाली, "चाला जी."

सहासष्ट सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. उत्तमराव म्हणजे माझ्या बायकोचे एकुलते एक भाऊ, अमरावतीचे वकील. त्यांना एका सांबराचा परवाना मिळाला होता, आणि मेळघाटातल्या ज्या पठारावर सांबरं होती तिथे जीप जात नव्हती. खाली चिखलपाणी गावात जीप ठेवायची आणि पुढे तट्टांवर सामान लादून चढायचं. तट्टं पुतळाबाईची. ती परतवाड्याची कासारीण. नवरा गेल्यावर त्याची दोन तट्टं घेऊन डोंगरातले आठवडी बाजार करायची, कोरकू बायकांना बांगड्या भरायची. मोसम नसला की तट्टं भाड्यानं द्यायची, पण स्वतः बरोबर आल्याशिवाय नाही.

मी शिकारी नव्हे. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. लीलानं, माझ्या बायकोनं, मला पाठवलं होतं. "उत्तमला जनावर दिसलं की भान राहत नाही. आईबाबांच्या मागे मला तेवढाच एक आहे. नीट परत आणा." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

शिवाय कुठंही गेलो तरी आपलं घोडं पुढे दामटायची मला खोड होती. तंबूच्या खुंट्या मी ठोकणार, चूल मी मांडणार, वाटेवरची पावलं मी मोजणार. त्या घाटात एक कपारीची वाट आहे. डावीकडे कातळ, उजवीकडे थेट दरी, रुंदी दोन हात. दोनशे चाळीस पावलं भरली. मी वहीत लिहून ठेवली.

आणि तो दोरा माझ्या डोळ्यांत सलत होता. बांगड्यांच्या माळा ज्यात ओवतात तोच हा दोरा. नाडा म्हणायच्याही लायकीचा नाही. त्याच्यावर आमचं सगळं सामान!

"बाई, हा दोरा कशाला मध्ये? दोर सरळ कडीला बांधा की," मी म्हणालो.

"नाई जी. दोरा पायजे," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यापासून हाये. दोऱ्याबिगर कासाराचं तट्टू डोंगरात जात नाई."

"म्हणजे नजर लागू नये म्हणून?"

ती माझ्याकडे बघून हसली. "तसंच समजा, ओरशेर सायेब."

माझं समाधान झालं. लाल दोरा, सासऱ्यापासून चालत आलेला, रोज बोट लावायचा. अशा दोऱ्यांनी अर्धा महाराष्ट्र बांधलेला आहे, असं मी उत्तमरावांना इंग्रजी शाळेतल्या मास्तरच्या थाटात सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण उद्या सांबर पाठीवर असताना हे तट्टू पळालं तर मी तुम्हाला खोगीर घालीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे शेकोटीशी होते तेव्हा मी एकटा तट्टांकडे गेलो. पोपटच्या म्होरकीचा दोर काढला, माझ्या ट्रंकेतला अंबाडीचा नवा दोर लावला आणि तो सरळ लोखंडी कडीला बांधला. पुलाच्या कामावर एका खलाशानं मला शिकवलेली गाठ. कितीही ओढ बसली तरी घसरत नाही. मग वाटलं, बाईला वाईट वाटायला नको. तिचा लाल दोरा मी माझ्या गाठीवर व्यवस्थित गुंडाळला, वर तिच्यासारखाच फास काढला. श्रद्धाही राहिली आणि कामही झालं! मला माझंच कौतुक वाटलं.

निघताना पुतळाबाईनं नेहमीसारखं दोऱ्याला बोट लावलं. लाल दिसलं. ती पुढे गेली.

सांबर लवकर मिळालं. आमच्याबरोबर सुकलाल नावाचा कोरकू वाटाड्या होता. त्यानं धुक्यातच माग काढला आणि दुपार होता होता उत्तमरावांनी बांबूच्या बेटाशी एकाच गोळीत मोठा नर पाडला. शिंगं एवढी की मला दोन्ही हात पसरून मापावी लागली असती. सुकलालनं हात आडवा धरला.

"थांबा साहेब. डोळे मिटलेले आहेत. मेलेल्याचे डोळे उघडे राहतात."

"अरे, मानेत गोळी बसली आहे!" असं म्हणत उत्तमराव गेले आणि दोन्ही हातांनी शिंगं धरून माझ्याकडे वळले. फोटोसाठी. कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

त्या जनावरानं फक्त एकदा मान फिरवली. उत्तमराव ओरडलेसुद्धा नाहीत. सुकलालनं कुऱ्हाड घातली तोवर शिंगाचं एक टोक त्यांच्या मांडीत वीतभर गेलं होतं. रक्त भळाभळा यायला लागलं. मी माझं उपरणं मांडीवर आवळलं, त्यात काठी घालून पीळ दिला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. उत्तमरावांचा चेहरा पिठासारखा झाला होता. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: नीट परत आणा.

सुकलालला मी पायी उतरायच्या चोरवाटेनं खाली पिटाळलं. जीप घाटाच्या तोंडाशी आणायची, परतवाड्याच्या डॉक्टरला निरोप धाडायचा. आम्ही उत्तमरावांना मोगरीवर बसवलं. ते डोलत होते, म्हणून मी त्यांना कमरेपासून मांड्यांपर्यंत खोगिराशी बांधून टाकलं. तिथेही माझ्याच गाठी.

"शिंगं," उत्तमराव म्हणाले.

"शिंगं गेली खड्ड्यात!"

"भाऊजी, शिंगांशिवाय मी इथून हलणार नाही. वर मेलो तरी चालेल."

अशा माणसाशी वाद घालण्यात रक्त वाया जाणार होतं. मी पुतळाबाईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"पोपट्याले रगताचा वास सहन होत नाई, सायेब. अन् थे कपारीची वाट. पुढच्या घोडीवर जखमी मानूस." तिनं मोगरीच्या मागे, त्या लाल फासाकडे नजर टाकली. "बरं. घ्या बांधून. दोरा हाये म्हनून हो म्हनतो."

मला वाटलं, काय ही श्रद्धा. मी मुंडकं तोडायला लागलो. तिनं पोपटच्या नाकपुड्यांना कडुनिंबाचं तेल चोळलं आणि आम्ही सांबराचं मुंडकं त्याच्या पाठीवर आवळलं. शिंगं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर निघत होती.

कपारीशी आलो तेव्हा साडेतीन झाले असतील. सूर्य डोंगराच्या पलीकडे गेला होता, दरीतून गार वारा येत होता. सगळ्यांत पुढे मोगरीची म्होरकी धरून पुतळाबाई. मोगरीवर उत्तमराव, मान छातीवर टाकलेली. त्यांच्या पाठीला हात लावून मी. माझ्या कमरेला घासत जाणारा तो नवा दोर आणि दोराच्या शेवटी पोपट.

मी पावलं मोजत होतो. मोजत राहिलो तर दरीकडे बघावं लागणार नाही, एवढाच हिशेब.

साठाव्या पावलाला मागच्या झाडीत वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळा कळप. नव्वदाव्या पावलाला भेकर भुंकलं, तेही मागेच, पण जवळ.

"बाई," मी हळूच म्हणालो.

"आयकलं. मांगं हाये थो. रगताच्या वासानं येऊन रायला." तिनं वाघाचं नाव घेतलं नाही. "मांगं पाहू नका. घोडीले तुमची भीती समजते."

भीती समजते म्हणे! माझ्याजवळ भीतीशिवाय दुसरं होतं काय? बंदूक उत्तमरावांच्या खोगिराला होती, पण मी आयुष्यात बंदूक उडवली नव्हती आणि त्या दोन हातांच्या वाटेवर मला मागे वळायचीही हिंमत नव्हती. पोपट फुरफुरायला लागला. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. तो मला ढकलत होता.

"पोपट्या, लेका, सावकाश," पुतळाबाई पुढून बोलत होती. "आलंच आता. दाना देतो तुले. सावकाश, माया राजा."

एकशे साठ. वरच्या कड्यावर एक दगड सुटला आणि आमच्या मागे येऊन पडला. त्याच्यापाठोपाठ जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकू नये. डरकाळी नव्हती ती. नुसतं खोकल्यासारखं एकदाच, छातीतून.

पोपट उसळून पुढे आला. डावीकडचं शिंग कातळावर आदळलं. कातळ हलणार नव्हता, म्हणून पोपट हलला. शिंगानं त्याला बाहेर रेटलं. त्याचे मागचे पाय आधी गेले. एक क्षण तो पुढच्या खुरांनी वाट खरवडत राहिला, मग तेही सुटलं.

माझ्या कमरेशी दोर टणकन ताठ झाला. मोगरी मागे खेचली गेली आणि ढुंगणावर बसली. उत्तमराव दरीच्या बाजूला झुकले. बांधलेले होते म्हणून पडले नाहीत, आणि बांधलेले होते म्हणूनच मला त्यांना ओढून काढता येईना. मोगरी बोट बोट मागे सरकत होती.

"धरा सायेबाले!" पुतळाबाई ओरडली. ती म्होरकीला अक्षरशः लोंबकळली होती. पण तिच्या आवाजात घबराट नव्हती. "धरून ठेवा फकस्त! आता तुटन! दोरा तुटन आता!"

आणि तेव्हा मला कळलं. त्या क्षणी, पोपट खाली लोंबकळत असताना, त्या दोऱ्याचं सगळं कारण मला कळलं. तो कच्चा होता कारण तो कच्चाच हवा होता. एक तट्टू गेलं तर दुसऱ्याला घेऊन जाऊ नये म्हणून. तिचा सासरा, नवरा, ती, सगळे ह्याच वाटेनं काचेच्या बांगड्या नेत आले होते.

दोरा खरोखरच तुटला. माझ्या डोळ्यांदेखत तो लाल तुकडा सुटला आणि वाऱ्यावर दरीत गेला. त्याच्या खाली माझी गाठ होती. जशीच्या तशी.

पुतळाबाईनं ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. किती वेळ? मला मोजता आलं नाही.

"काप," ती म्हणाली.

पेन्सिलीला टोक करायचा चाकू माझ्या खिशात असे. मी तो काढला. पहिला वार माझ्याच अंगठ्यावर बसला. दोर उत्तम अंबाडीचा होता, मी स्वतः निवडून घेतलेला. एकेक पेड कापावा लागला. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पोपट मान ताणून वर बघत होता. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काही नव्हतं. तो पुतळाबाईचा आवाज शोधत होता.

शेवटचा पेड आपोआप गेला. दोराचं टोक चाबकासारखं माझ्या गालावर बसलं. मोगरी उभी राहिली.

पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. आणि मग, सगळ्यांत वाईट, खालून पोपट खिंकाळला. जिवंत होता. झाडीत कुठे पडला होता ते दिसत नव्हतं. मोगरीनं उत्तर द्यायला मान वर केली, तर पुतळाबाईनं तिच्या नाकपुड्या हातानं दाबून धरल्या.

"त्याला... काही करता..." मी म्हणालो.

"चाला," ती म्हणाली.

ऐंशी पावलं राहिली होती. मी मोजली. पोपट हाका मारत राहिला. पुतळाबाई आता मोगरीशीही बोलत नव्हती. दोनशे तीस पावलांवर खालची हाक मध्येच थांबली. वानरंही एकदम गप्प झाली.

घाटाच्या तोंडाशी जीप उभी होती. सुकलाल आणि ड्रायव्हर धावत आले. आम्ही उत्तमरावांना उतरवलं. नाडी लागत होती. मी रडायला लागलो. सुकलालनं मागे बघितलं आणि विचारलं, "पोपट?"

पुतळाबाई म्हणाली, "पाय घसरला."

ती मोगरीच्या मागे गेली. कडीला दोराचा हातभर तुकडा अजून लोंबत होता. तिनं गाठ सोडायचा प्रयत्न केला. तिला येईना. मग ती माझ्याकडे वळली.

"सोडून द्या, सायेब. तुमची हाये."

मी सोडली. त्या गाठीची युक्ती अशी की ओढ गेली की माहीतगाराच्या बोटानं पटकन सुटते. तिनं तो तुकडा माझ्या हातात ठेवला, मोगरीची म्होरकी धरली आणि पायवाटेला लागली. मी जीपमध्ये बसलो.

उत्तमराव वाचले. जरा लंगडतात एवढंच. आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. दिवाळीला, बारशाला, कोर्टातल्या मित्रांना. "मी शुद्धीत होतो बरं का! सगळं बघत होतो. भाऊजींनी खिशातला चाकू काढला आणि सपासप दोर कापला, म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे." मग माझ्या गालावरचा दोराचा व्रण सगळ्यांना दाखवायचा. लीला प्रत्येक वेळी डोळे पुसायची. मी मान खाली घालायचो, आणि लोक म्हणायचे, किती साधा माणूस. पुतळाबाईला दुसरं तट्टू घेऊन देतो असा निरोप मी दोनदा पाठवला. दोन्हीदा "गरज नाई" एवढंच उलट आलं. परतवाड्याची कामं मी दुसऱ्या ओव्हरसिअरवर ढकलत राहिलो. भेकड होतो मी. दुसरा शब्द नाही.

चौदा वर्षांनी माझ्या मुलीचं, सुलभाचं लग्न निघालं. चुडा भरायला कोणाला बोलवायचं हे मला कोणी विचारलं नाही. उत्तमरावांनीच परस्पर माणूस धाडला होता. मी माजघरात शिरलो तर बायकांच्या घोळक्यात पुतळाबाई बसलेली. केस पांढरे झाले होते. पुढ्यात हिरव्या बांगड्यांच्या माळा, सुलभाचा हात तिच्या हातात.

"ह्याच त्या!" उत्तमराव दारातून सांगत होते. "ह्यांचंच तट्टू. बाई, तुम्हीच सांगा, भाऊजींनी दोर कापला नसता तर?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. लीलानं पदर डोळ्यांना लावून ठेवला होता.

"खरं हाये," पुतळाबाई म्हणाली. "सायेबानंच कापला. म्या पाह्यला." तिनं सुलभाचा हात चोळत बांगडी सरकवली. मग माळ उचलली आणि माझ्यासमोर धरली. "ओरशेर सायेब, एवढा दोरा तोडून द्या बरं. माया बोटाईत आता जोर रायला नाई."

लाल दोरा. मी दोन बोटांत धरून ओढला. जोर लावायच्या आधीच तो तुटला. बांगड्या माझ्या ओंजळीत मोकळ्या झाल्या.

"तुटला ना?" तिनं विचारलं.

"तुटला," मी म्हणालो.

बांगड्या मी तिच्या पुढ्यात ठेवल्या. उत्तमराव पुढची गोष्ट सांगायला लागले होते. चाकूपर्यंत आले होते.

"उत्तमराव, थांबा," मी म्हणालो. "तुम्ही नेहमी मधूनच सुरू करता. त्याच्या आधी पहाटे तुम्ही सगळे शेकोटीशी होता, तेव्हा मी तट्टांकडे गेलो होतो. तिथपासून मी सांगतो."

पुतळाबाईनं मान वर केली नाही. तिनं सुलभाचा दुसरा हात मांडीवर घेतला.